हरत्या संघाचा हंगाम ठाण्यात बसून कसा निभवावा

ऐरोली, महापे आणि घणसोलीच्या कार्यालयांत रात्रपाळी करणाऱ्यांना अमेरिकेतील एखादे तरी शहर न पाहताच तोंडपाठ झालेले असते. तिथे बर्फ कधी पडतो, सुट्ट्या कोणत्या असतात, लोक जेवायला किती वाजता उठतात, हे सगळे आपल्याला खाडीच्या या काठावर बसून ठाऊक असते. माझ्या वाट्याला पिट्सबर्ग आले. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका सहकाऱ्याने कामाचे बोलणे आवरताना ‘काल आम्ही पुन्हा हरलो’ असे सहज सांगितले आणि मी सभ्यपणा म्हणून ‘आम्ही म्हणजे कोण?’ असे विचारले. तेवढे विचारले नसते तर आज पहाटेची झोप शाबूत राहिली असती. पिट्सबर्ग पायरेट्स या बेसबॉल संघाशी माझा संबंध असा जडला. 2025 च्या हंगामात या संघाने 71 सामने जिंकले आणि 91 गमावले.

क्रिकेटवर पोसलेल्या डोळ्यांनी ज्यांनी बेसबॉल पाहायला घेतले आहे आणि ज्यांचा संघ हरतो, त्यांच्यासाठी पुढील सूचना आहेत. जिंकणाऱ्या संघाच्या चाहत्याला कोणाच्याही मार्गदर्शनाची गरज नसते. लॉस एंजेलिस डॉजर्सने 2024 आणि 2025 अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली. त्यांच्या चाहत्यांनी हा वेळ सत्कारणी लावावा.

आधी हरण्याचे गणित बदलावे

आपल्याला हरण्याची सवय आयपीएलने लावली आहे, आणि ती सवय इथे उपयोगाची नाही. मुंबई इंडियन्सने 2022 मध्ये पहिले आठ सामने ओळीने गमावले, 14 पैकी चारच जिंकले आणि संघ दहावा, म्हणजे शेवटचा आला. 2024 मध्ये पुन्हा चार विजय आणि पुन्हा तळ. चौदा सामन्यांच्या स्पर्धेत प्रत्येक पराभव आठवडाभर पुरतो. ऑफिसात, रिक्षाच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत त्यावर बोलता येते. बेसबॉलमध्ये मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत प्रत्येक संघ 162 सामने खेळतो, म्हणजे आठवड्यातून सहा दिवस, कधी सातही. त्यातल्या प्रत्येक पराभवाला आयपीएलच्या दराने दुःख द्यायचे ठरवले तर मे महिन्यातच माणूस संपतो. माझे पहिल्या वर्षी तेच झाले.

म्हणून सुरुवातीलाच एक हिशेब मांडावा. 2025 मध्ये साखळी सामन्यांत सर्वांत वरचा संघ मिलवॉकी ब्रूअर्स होता. त्याने 97 सामने जिंकले, पण 65 गमावलेही. पायरेट्स याच संघाच्या गटात खेळतात. दोघांच्या विजयांतले अंतर 26 सामन्यांचे, आणि हंगामही साधारण 26 आठवड्यांचाच असतो. देशातला सर्वांत यशस्वी संघ आणि माझा संघ यांच्यात आठवड्याला एका सामन्याचा फरक होता. हे आकडे पहिल्यांदा कागदावर मांडले तेव्हा मला बरे वाटले, आणि दुसऱ्याच क्षणी अधिक राग आला, कारण आठवड्याचा तो एक सामना कोणता ते मला नेमके आठवत होते.

दुसऱ्या टोकाचे उदाहरणही हाताशी ठेवावे. शिकागो व्हाइट सॉक्सने 2024 मध्ये 121 सामने गमावले; 1901 नंतरच्या बेसबॉलमध्ये एका हंगामात इतके पराभव दुसऱ्या कोणत्याही संघाच्या नावावर नाहीत. त्यांनीही 41 रात्री जिंकल्या. टक्केवारीत पाहिले तर ते 25 होते, आणि 14 पैकी चार जिंकणारे मुंबई इंडियन्स 28 ते 29. म्हणजे ज्या तळाला आपण दोनदा जाऊन आलो आहोत, तो तळ बेसबॉलमध्ये फारच थोड्या संघांच्या वाट्याला येतो. पायरेट्स 44 टक्क्यांवर होते. याला वाईट म्हणावे, पण सर्वनाश म्हणू नये.

हंगामाचे तुकडे करणे ही यानंतरची पायरी. मी 27 सामन्यांचा एक भाग धरते. असे सहा भाग झाले की 162 पूर्ण होतात आणि प्रत्येक भाग ढोबळमानाने एका महिन्याला येतो. शिवाय काही मोठी घटना घडली की तिथेही रेघ ओढावी. 8 मे 2025 रोजी पायरेट्सने डेरेक शेल्टन यांना व्यवस्थापकपदावरून (बेसबॉलमधला व्यवस्थापक म्हणजे मुख्य प्रशिक्षक) दूर केले, तेव्हा संघ 12 विजय आणि 26 पराभवांवर होता. त्यांच्या जागी आलेल्या डॉन केली यांच्या हाताखाली पुढचे 59 जिंकले आणि 65 हरले. रेघ ओढली की एकाच हंगामात दोन हंगाम दिसतात, एक पाहवत नाही असा आणि एक नुसताच मध्यम. एकूण आकड्यात हा फरक बुडून जातो.

घड्याळ

इथे फार घोळ घालू नये. पिट्सबर्ग आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. हंगाम पूर्णपणे त्यांच्या उन्हाळी वेळेत बसत असल्याने हा फरक बदलत नाही. तिथे संध्याकाळी 6.40 ला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे 4.10 ला सुरू होतो. रविवारी दुपारी 1.35 चा सामना आपल्याकडे रविवारी रात्री 11.05 ला लागतो, आणि आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी तिथे दुपारी 12.35 ला खेळले तर आपल्याकडे रात्रीचे 10.05 झालेले असतात. संघ कॅलिफोर्नियाच्या दौऱ्यावर असला की सामने सकाळी साडेसातच्या आसपास सुरू होतात. हे दौरे म्हणजे ठाणे-वाशी लोकलने कामावर जाणाऱ्यांची दिवाळी. नऊ किंवा दहा नंबरवरून गाडी सुटल्यापासून वाशी येईपर्यंतच्या अर्ध्या तासात दीड ते दोन इनिंग (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची एकेक पाळी, सामन्यात अशा नऊ) आरामात होतात, फक्त दरवाज्यात उभे राहून मोबाइल पाहू नये.

पहाटेचे सगळे सामने थेट पाहण्याचा प्रयत्न करू नये. मी आठवड्याला दोन निवडते: रविवारी रात्रीचा एक, आणि मधल्या दिवसांतला एक. बाकीच्यांचे काही मिनिटांचे सारांश नाष्ट्याच्या वेळी पाहावेत. 2023 पासून पिचरला चेंडू टाकण्यासाठी घड्याळ लावले गेले, तेव्हापासून तीन तासांवर जाणारा सामना साधारण दोन तास चाळीस मिनिटांत आटोपतो. त्यामुळे 4.10 चा सामना पावणेसातला संपतो आणि सात वाजता नळाचे पाणी जाण्याआधी माणूस घरच्या उपयोगाला येतो. आमच्या कोपरीच्या घरात आई पाचलाच उठते. चहा ठेवता ठेवता ती फक्त ‘किती इनिंग झाल्या गं?’ असे विचारते. कोण पुढे आहे हे विचारणे तिने दुसऱ्या वर्षीच सोडले.

एक माणूस निवडावा

संघ हरत असला तरी संघातली सगळी माणसे हरत नसतात, आणि हरत्या संघाच्या चाहत्याने हे भेद क्रिकेटच्या चाहत्यापेक्षा अधिक बारकाईने शिकावे लागतात. पायरेट्सकडे पॉल स्कीन्स आहे. 2023 च्या निवड प्रक्रियेत, म्हणजे संघ नव्या खेळाडूंना क्रमाने निवडून घेतात त्यात, तो पहिल्या क्रमांकावर घेतला गेला, मे 2024 मध्ये तो पहिला सामना खेळला, त्या वर्षी नॅशनल लीगचा (स्पर्धेतल्या दोन लीगपैकी पायरेट्सची) सर्वोत्तम नवोदित ठरला आणि 2025 मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्याला एकमताने मिळाला. त्याचा वेगवान चेंडू ताशी 155 ते 160 किलोमीटरने येतो. अंतरही लक्षात घ्यावे: क्रिकेटची खेळपट्टी 22 यार्ड, म्हणजे सुमारे 20.12 मीटर असते, तर पिचरची पट्टी आणि होम प्लेट, म्हणजे फलंदाज उभा राहतो ती जागा, यांच्यातले अंतर साधारण 18.44 मीटर, आणि मध्ये टप्पा नाही.

आता त्याचे 2025 चे आकडे पाहावेत, कारण हरत्या संघाचे सगळे दुखणे या एका ओळीत आहे. त्याने 32 सामने सुरू केले, 216 फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक, म्हणजे हुकलेले किंवा सोडून दिलेले योग्य चेंडू, झाले की फलंदाज बाद) केले आणि त्याचा ईआरए 1.97 होता. ईआरए म्हणजे पिचरच्या स्वतःच्या खात्यावर लागलेल्या धावांना नऊने गुणून त्याने टाकलेल्या इनिंगने भागायचे. नऊ इनिंगच्या पूर्ण सामन्यात हा माणूस सरासरी किती धावा देईल, याचे ते उत्तर. चारच्या आसपास असला तर बरा, तीनच्या खाली उत्तम, आणि दोनच्या खाली म्हणजे लोकांनी उठून उभे राहावे. अशा पिचरच्या नावापुढे त्या वर्षी विजय दहा आणि पराभव दहा लागले.

याचे एक उदाहरण मी रात्री जागून पाहिले आहे. 18 मे 2025, रविवार, फिलाडेल्फियात सामना. स्कीन्सने आपल्या कारकिर्दीतला पहिला पूर्ण सामना एकट्याने टाकला. पूर्ण म्हणजे आठच इनिंग, कारण यजमान संघ पुढे असला तर नवव्या इनिंगमध्ये त्याला फलंदाजी करावीच लागत नाही. पायरेट्स 1-0 असे हरले. आठ इनिंगमध्ये एक धाव देणाऱ्या माणसाच्या नावापुढे पराभव लिहिला गेला आणि मी रात्री दीड वाजता अंधारात बसून राहिले. क्रिकेटमध्ये चांगली गोलंदाजी करून हरलेल्या गोलंदाजाच्या नावावर निदान पराभव तरी कोणी लिहीत नाही.

व्यवहारात करायचे ते इतकेच की सुरुवातीचे पिचर पाचव्या किंवा सहाव्या दिवशी पुन्हा येतात, तर आपल्या माणसाचे दिवस दिनदर्शिकेवर आधीच खुणा करून ठेवावेत आणि पहाटेची झोप त्या दिवशी खर्च करावी. संघ कुठे आहे याचा त्या दिवशी विचार करू नये. मी महालक्ष्मीच्या दिनदर्शिकेवर एकादशी-चतुर्थीच्या बाजूला पेन्सिलीने ‘स्की’ लिहिते. पेन्सिल अशासाठी, की पाऊस आला किंवा खांदा दुखला की दिवस सरकतो.

वही

या मार्गदर्शनातली एकच सूचना पाळायची असेल तर ही पाळावी: सामना हाताने लिहून काढावा. मोबाइलवर प्रत्येक चेंडूची नोंद मिळत असताना हा उद्योग कशासाठी, असा प्रश्न येईल. त्याचे उत्तर असे, की लिहिणाऱ्याचा हात कामात असतो आणि रागाला हात लागतात. शिवाय संघ का हरला हे वहीत दिसते. टीव्हीवर फक्त हरलेला दिसतो.

चौकटींची शाळकरी वही पुरते. डाव्या बाजूला नऊ फलंदाजांची नावे, वरती एक ते नऊ इनिंग. क्षेत्ररक्षकांना ठरलेले क्रमांक असतात आणि ते सदऱ्यावरचे नसून जागेचे असतात: पिचर 1, कॅचर 2, पहिला बेस 3, दुसरा 4, तिसरा 5, शॉर्टस्टॉप 6, डावीकडचे मैदान 7, मधले 8, उजवे 9. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर दिला आणि तिथून तो पहिल्यावर गेला, दोघे बाद, तर चौकटीत 6-4-3 लिहायचे. स्ट्राइकआउटसाठी इंग्रजी के. फलंदाजाने बॅट न फिरवता नुसते पाहत तिसरा स्ट्राइक घेतला असेल तर तोच के उलटा काढायचा. बेसवर पोचलेल्या प्रत्येक खेळाडूसाठी चौकटीत लहान शंकरपाळा काढावा आणि तो जितक्या बेसपर्यंत पोचला तितक्या कडा गडद कराव्यात. चौथी कडा पूर्ण झाली की धाव झाली, मग शंकरपाळा आतून भरून टाकावा.

माझे बाबा पूर्वी कांगा लीगच्या सामन्यांत एका क्लबचे स्कोअरर होते. पावसाळ्यात तंबूखाली बसून, ओल्या कागदावर पेन्सिल उमटत नसताना, त्यांनी कित्येक डाव लिहिले आहेत. त्यांनी माझी वही पाहिली तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून ते बराच वेळ पानाकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘अगं, हे तर आपलेच आहे.’ त्यांचे म्हणणे फारसे चुकीचे नव्हते. बेसबॉलच्या धावफलकाची पद्धत बसवणारे हेन्री चॅडविक हे इंग्लंडमध्ये जन्मलेले आणि न्यूयॉर्कमध्ये क्रिकेटचे वार्तांकन करणारे पत्रकार होते. स्ट्राइकआउटचा के हाही त्यांचाच मानला जातो. तेव्हापासून बाबा रविवारी रात्रीच्या सामन्याला माझ्या शेजारी बसतात. त्यांना नियम अजून पूर्ण पटलेले नाहीत, विशेषतः मागे मारलेला चेंडू फुकट जातो हे. लेट कटचे आयुष्यभर कौतुक केलेल्या माणसाला ते पटवून देणे मी सोडून दिले आहे.

या वहीत एक स्तंभ मी स्वतःचा जोडला आहे: इनिंग संपताना बेसवर अडकून पडलेले खेळाडू. हरत्या संघाच्या चाहत्याने दुसरे काहीही मोजले नाही तरी चालेल, पण हे मोजावे. पायरेट्सने 2025 मध्ये 117 होमरन (आपल्या षटकारासारखे सीमेपार गेलेले फटके) मारले आणि तीस संघांत ते सर्वांत कमी होते. धावाही त्यांच्याच सर्वांत कमी, 583. होमरन मारणारा नसला की बेसवर पोचलेल्यांना घरी आणण्यासाठी एकामागून एक दोन-तीन फटके लागतात, ते मिळत नाहीत, आणि वहीत दोन किंवा तीन कडा गडद झालेले पण न भरलेले शंकरपाळे रांगेने उभे राहतात. एका वाईट पानावर मी असे अकरा मोजले होते. बाबांनी त्या पानाच्या तळाशी पेन्सिलीने ‘फराळ’ असे लिहून ठेवले आहे.

नशिबाने हरलो की लायकीने, याचा निवाडा करण्याची एक रीतही वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवावी. बिल जेम्स या आकडेतज्ज्ञाने ती सांगितली: केलेल्या धावांचा वर्ग, भागिले केलेल्या धावांचा वर्ग अधिक दिलेल्या धावांचा वर्ग; येणारी संख्या म्हणजे त्या संघाने सामन्यांचा किती हिस्सा जिंकायला हवा होता ते. कोलोराडो रॉकीजने 2025 मध्ये 597 धावा केल्या आणि 1021 दिल्या. गणित केले तर 162 पैकी सुमारे 41 विजय येतात; प्रत्यक्षात ते 43 जिंकले, म्हणजे नशिबाला बोल लावायला जागाच नव्हती. इथे एक गंमत नजरेतून सुटू देऊ नये. 119 सामने हरणाऱ्या या रॉकीजनी पायरेट्सपेक्षा 14 धावा जास्तच काढल्या होत्या. तरी पायरेट्सने त्यांच्याहून 28 सामने अधिक जिंकले, ते सगळे पिचरांच्या जिवावर. ज्या संघाचे पिचर इतके चांगले आहेत, त्याला दोन फलंदाज मिळू नयेत, ही माझी खरी तक्रार आहे, आणि ती वहीमुळे मला नेमकी कळली. त्याआधी मी नुसतीच चिडत होते.

राग कुठे पाठवावा

खेळाडूंवर राग काढू नये, हे सभ्यतेसाठी सांगत नाही. तो पत्ता चुकीचा असतो. आयपीएलमध्ये लिलावाला बसणाऱ्या प्रत्येक संघाची थैली सारखी असते. 2025 च्या मोठ्या लिलावात ती प्रत्येकी 120 कोटींची होती. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये खर्चावर अशी सक्तीची मर्यादा नाही. ठरावीक रकमेच्या वर गेल्यास दंडवजा कर भरावा लागतो, आणि श्रीमंत संघ तो भरतात. श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला काही वाटा लहान शहरांच्या संघांना मिळतो, पण तो मैदानावरच खर्च झाला पाहिजे असे घरच्या चाहत्यांना जितके वाटते तितके सर्वांना वाटत नाही. शेवटचा आलेला संघ खालच्या श्रेणीत ढकलला जाण्याची पद्धतही नाही, म्हणून हरण्याची भीती मालकापेक्षा चाहत्यालाच अधिक. 4 एप्रिल 2025 रोजी पायरेट्सच्या घरच्या पहिल्या सामन्यात प्रेक्षकांनी ‘संघ विका’ अशा घोषणा दिल्या आणि मैदानावरून त्याच मागणीचा फलक लावलेले विमानही फिरले. आपल्याकडे विमान परवडणार नाही. पण राग योग्य मजल्यावर नेण्याची ती पद्धत मला मान्य आहे.

वर्षातून एक दिवस मात्र राग आवरतच नाही, आणि त्याची तयारी आधीपासून ठेवावी. खेळाडूंच्या अदलाबदलीची अंतिम मुदत जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला असते. 2025 मध्ये ती आपल्या 1 ऑगस्टच्या पहाटे साडेतीनला संपली. हरणारे संघ या मुदतीपर्यंत आपले चांगले खेळाडू जिंकणाऱ्यांना देतात आणि बदल्यात कोवळी पोरे घेतात. पायरेट्सने केब्रायन हेज रेड्सला दिला आणि डेव्हिड बेडनार यांकीजना. बेडनार हा पिट्सबर्गजवळच्याच गावचा, आणि संघाचा क्लोजर, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये आघाडी सांभाळायला येणारा पिचर.

दुसऱ्या दिवशी, 2 ऑगस्टला, श्रावणी शनिवार होता. डेन्व्हरमध्ये रॉकीजविरुद्धचा सामना आपल्याकडे सकाळी सहानंतर सुरू झाला. बाहेर पाऊस, सुट्टीचा दिवस, आणि पायरेट्सने पहिल्याच इनिंगमध्ये नऊ धावा काढल्या. वहीत इतके भरलेले शंकरपाळे एका स्तंभात मी कधी काढले नव्हते. पेन्सिलीला टोक करावे लागले. आई साबुदाणा मोकळा करत होती. ‘आज तरी जिंकलात म्हणायचे,’ असे ती म्हणाली, आणि मी तिला ‘अजून आठ इनिंग आहेत’ असे सांगितले नाही, ही माझी चूक. नवव्या इनिंगच्या उत्तरार्धात शिरताना पायरेट्सकडे 16-12 अशी आघाडी होती. सांभाळायला बेडनार नव्हता. तो आदल्याच दिवशी गेला होता. रॉकीजने पाच धावा काढल्या, शेवटच्या दोन ब्रेंटन डॉयलच्या होमरनवर, आणि सामना 17-16 असा संपला. त्या वर्षी 119 सामने हरलेल्या संघाकडून.

अशा वेळी करायच्या गोष्टी: मोबाइल उलटा ठेवावा. वहीतले पान फाडू नये. लोकांच्या प्रतिक्रिया वाचायला जाऊ नये, कारण तिथे आपल्यासारखीच माणसे असतात. उपास असेल तर खिचडी गरम असतानाच खावी. आईने त्या दिवशी ताटली समोर ठेवून फक्त ‘दाण्याचं कूट जास्त घातलंय’ असे सांगितले, आणि मला वाटते यापेक्षा योग्य प्रतिक्रिया कोणी देऊ शकला नसता.

जुन्या जखमा माहीत असाव्यात, पण रोज काढू नयेत

पायरेट्सने पाच वेळा विजेतेपद मिळवले आहे, शेवटचे 1979 मध्ये. 14 ऑक्टोबर 1992 रोजी अटलांटात निर्णायक सामन्यात ते नवव्या इनिंगच्या उत्तरार्धापर्यंत 2-0 ने पुढे होते, तिथून 3-2 असे हरले, आणि पुढच्या वर्षापासून 2012 पर्यंत सलग वीस हंगाम त्यांचे पराभव विजयांहून जास्त राहिले. उत्तर अमेरिकेच्या व्यावसायिक खेळांत इतकी लांब रांग दुसऱ्या कोणत्याही संघाची नाही. मग 2013, 2014 आणि 2015 अशी तीन वर्षे ते बाद फेरीत गेले, आणि त्यानंतर एकदाही नाही. हा इतिहास वर्षातून एकदा, शक्यतो हंगामाआधी, नीट वाचून घ्यावा. प्रत्येक पराभवाला त्याचे वजन लावले तर पिचरने टाकलेला साधा वाईट चेंडूही शाप वाटू लागतो.

‘तुला दुसरा संघ मिळाला नाही का?’ असे कोणी विचारले तर द्यायला एक उत्तर मात्र या इतिहासात आहे. नोव्हेंबर 2008 मध्ये पायरेट्सने उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केले. वेगाने चेंडू फेकण्याच्या एका स्पर्धेतून ते पुढे आले होते आणि त्याआधी त्यांनी बेसबॉल हातात धरला नव्हता. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल संघाशी करार करणारे ते पहिले भारतीय. दोघेही मुख्य संघापर्यंत पोचले नाहीत, पण दार उघडले ते या संघाने. माझ्यापुरते एवढे कारण पुरेसे आहे. दुसरा, जिंकणारा संघ ‘जोडीला’ ठेवण्याची युक्ती मी एका हंगामात करून पाहिली आणि जूनमध्ये सोडली. परक्या विजयाने पोट भरत नाही, उलट आपल्या माणसांचे सामने चुकतात.

ऑगस्टनंतर

बाद फेरीची आशा गणिताने संपली की बहुतेक चाहते दुकान बंद करतात. तसे करू नये, कारण हरत्या संघाचा सर्वांत पाहण्याजोगा महिना सप्टेंबर असतो. 1 सप्टेंबरपासून संघातल्या खेळाडूंची संख्या 26 वरून 28 होते, खालच्या संघांतून नवी पोरे वर येतात आणि व्यवस्थापकाला गमावण्यासारखे काही उरलेले नसल्याने ती खेळतातही. या महिन्यात वहीत फक्त नवीन नावांखाली रेघ मारावी. गणपतीच्या दिवसांत पहाटेच्या आरत्या आणि सामना यांची वेळ एक येते. तेव्हा आवाज बंद करून आकडे पाहिले तरी चालते.

हिवाळ्यातही एक तारीख आहे. डिसेंबरमध्ये बाद फेरीत न गेलेल्या 18 संघांची सोडत निघते आणि पुढच्या निवडीतले पहिले सहा क्रमांक त्यावर ठरतात. ही पद्धत सुरू झाली त्या पहिल्याच सोडतीत पहिला क्रमांक पायरेट्सला लागला, आणि त्यातून स्कीन्स आला. सध्याच्या नियमांनुसार तो 2029 च्या हंगामानंतर दुसऱ्या संघात जायला मोकळा होतो. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तो आकडा लिहिलेला आहे, आणि त्याखाली बाबांनी विचारले आहे: ‘तोवर फलंदाज आणतील का?’

फेब्रुवारीच्या मध्याला पिचर आणि कॅचर फ्लोरिडातल्या ब्रेडेन्टनला सरावासाठी हजर होतात. नवी वही त्याच आठवड्यात आणून ठेवावी आणि दोन आणाव्यात, कारण एक साधारण जूनच्या मध्यावर भरते, आणि त्या वेळी शाळा सुरू झालेल्या असल्याने कोपरीपासून नौपाड्यापर्यंत एकाही दुकानात चौकटींची वही शिल्लक नसते.